तीन तास चाळीस मिनिटं

पद्मजा वाघचौरे मूळची कोपरगावची. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर डब्लिनला आली. सात वर्षांनी नवरा, गिरीश, इथल्या ढगांना कंटाळून पुण्याला परत गेला आणि तिकडेच रमला. पद्मजा मागे राहिली, लेक सानिका राहिली, आणि क्लोनडॉकिनमधलं दोन खोल्यांचं घर राहिलं.

तिची नोकरी औषधांच्या एका कारखान्यात. निर्जंतुक खोल्यांमधली हवा, भिंती, कामगारांचे हातमोजे, सगळ्यांचे नमुने घ्यायचे, पेट्री डिशमध्ये उबवायला ठेवायचे आणि पाच दिवस वाट बघायची. पाचव्या दिवशी एखाद्या डिशमध्ये जंतूंचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उगवला, तर तो कुठून आला हे शोधून काढल्याशिवाय ती सोडायची नाही. कारखान्यात सगळे तिला थोडं भिऊनच असायचे. बाहेर मात्र ती सगळ्यांची साधीभोळी पद्मजाताई होती. कुणाच्याही बारशाला शंभर बाकरवड्या करून नेणारी.

डोंगर चढायला तिने सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. सानिका सोळाची झाली होती, रविवारी आईबरोबर कुठे यायला तयार नसायची. कुणीतरी ‘सह्यगडी’ नावाच्या मराठी ग्रुपचं नाव सांगितलं. ग्रुप चालवायचा इंद्रनील खासनीस. चेरीवूडच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, छत्तीस वर्षांचा, उंचापुरा, आवाज असा की डोंगराच्या दुसऱ्या बाजूला ऐकू जावा. लहानपणी सह्याद्रीतले सत्तर किल्ले केले, असं तो सांगायचा. पद्मजाला तो मनापासून आवडायचा. तिला असा धाकटा भाऊ असता तर, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

सप्टेंबर २०२० चा पहिला शनिवार. पहिला लॉकडाऊन उठला होता, दुसरा यायचा होता. बाराजण डब्लिनच्या दक्षिणेकडच्या विकलोच्या डोंगरात गेले. पद्मजाचे गुडघे त्या दिवशी कुरकुरत होते, ती सगळ्यांत मागे. माथ्याच्या थोडं खाली धुकं उतरलं. एका मोठ्या खडकाशी इंद्रनील थांबला.

“ताई, तुम्ही इथेच बसा,” तो म्हणाला. “हलू नका. आम्ही वर जाऊन वीस मिनिटांत येतो, येताना तुम्हाला घेतो.” आणि पिवळ्या रेनकोटात खडकावर बसलेल्या तिचा एक फोटोही त्याने काढला.

पद्मजा बसली. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. वीस मिनिटं झाली, तास झाला. पाऊस सुरू झाला. फोनला रेंज नव्हती. तिने हाका मारल्या, पण धुक्यात त्या तोंडापासून हातभर अंतरावरच विरत होत्या. तरी ती हलली नाही, कारण हलू नका असं सांगितलं होतं. ते आपल्यालाच शोधत असतील, आपण जागा सोडली तर चुकामूक होईल, असं ती स्वतःला बजावत राहिली. साडेतीन वाजता तिची बोटं इतकी बधिर झाली की रेनकोटची चेन लावता येईना. तेव्हा ती उठली, खाली निघाली आणि दलदलीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. मेंढ्या बघायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने तिला हुडकलं. शेतकऱ्याने “यू आर ग्रँड, मिसेस, यू आर ग्रँड” असा धीर देत तिला आपल्या चारचाकी मोटारसायकलवर बसवून घरी नेलं.

साडेपाचला इंद्रनील विचारत विचारत त्या शेतकऱ्याच्या अंगणात आला. मागे सगळा ग्रुप. त्याने तिचा हात बघितला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, मी सांगितलं होतं ना, जागा सोडू नका म्हणून? आम्ही तिथे येऊन किती शोधलं तुम्हाला!”

पद्मजाला वाटलं, असेल. आपल्याच घड्याळात काहीतरी चुकलं असेल.

रात्री ग्रुपवर त्याचं लांबलचक निवेदन आलं. शिस्त, सुरक्षितता, लीडरचं ऐकणं. तिचं नाव नव्हतं, पण कुणाबद्दल आहे ते सांगायची गरजही नव्हती. आठवडाभरात तिच्या त्या फोटोचं स्टिकर निघालं. पिवळा रेनकोट, खडक, आणि वर अक्षरं: ‘मी इथेच बसते!’ कुणी उशिरा आलं, कुणाची मीटिंग लांबली, की हे स्टिकर टाकायचं. ते ग्रुपबाहेर गेलं, डब्लिनभर फिरलं. दिवाळीत पुण्याहून नणंदेनेही पाठवलं, हसण्याच्या चार चेहऱ्यांसकट. ही बाई आपली वहिनी आहे हे तिने ओळखलंच नव्हतं.

स्टिकर निघालं तेव्हाच सानिका म्हणाली होती, “आई, दॅट्स जस्ट मीन. लीव्ह द ग्रुप.”

“असू दे गं,” पद्मजा म्हणाली. प्लास्टरमधल्या हाताने तिला तेव्हा पोळी लाटता येत नव्हती.

खरं काय घडलं ते तिला जानेवारीत कळलं. सगळं पुन्हा बंद झालं होतं, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. ग्रुपमधल्या सुरुचीचा फोन आला. ब्लँचर्डस्टाउनला राहणारी, तिशीतली, भिडस्त मुलगी. इकडचं तिकडचं बोलली आणि एकदम रडायला लागली.

“ताई, त्या दिवशी आम्ही तुमच्या खडकाकडे आलोच नव्हतो. पबमध्ये अडीचचं बुकिंग होतं. तेव्हा जेवण घेतल्याशिवाय बसू देत नव्हते, वेळही मोजून मिळायची. म्हणून इंद्रनीलने दुसऱ्या जवळच्या वाटेने खाली आणलं. मी टेबलावर बसल्या बसल्या विचारलं, पद्मजाताई कुठे आहेत? त्याचा चेहरा असा पांढरा पडला ताई, मी बघितला. आणि मग तो म्हणाला, त्या गाडीत पडल्यात, भूक नाही म्हणाल्या.”

“किती वाजले होते?”

“अडीच. मग सगळे जेवले. त्याने डेझर्टही घेतलं. बाहेर आलो तर गाडीत तुम्ही नव्हतात, मग शोधत त्या शेतकऱ्याकडे पोचलो, आणि तिथे तो खोटं बोलला तेव्हा आमच्यापैकी कुणीच तोंड उघडलं नाही.”

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. तुम्हीही प्लीज सांगू नका.”

पद्मजाने फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिली. विसरला असता तर तिने माफ केलं असतं. माणूस विसरतो. पण अडीच वाजता त्याला आठवलं होतं. अडीच वाजता ती त्या खडकावर बसून, तो आपल्याला शोधून दमला असेल म्हणून त्याची काळजी करत होती. त्याच वेळी तो गोड काहीतरी चमच्याने खात होता. रागाने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो राग पुढे नऊ महिने निवला नाही.

तिने भांडण केलं नाही. ग्रुप सोडला नाही. स्टिकर आलं की आपणही हसण्याचा चेहरा टाकायची. आणि दर संध्याकाळी, पाच किलोमीटरच्या आत, कालव्याच्या काठाने पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन चालायची. शेजारी नोएल नावाचा निवृत्त सैनिक राहायचा. त्याला तिने एक दिवस कुंपणावरून विचारलं, नकाशा आणि होकायंत्र शिकवशील का? नोएलचा वेळ जाता जात नव्हता. तो आनंदाने तयार झाला. दोन मीटर अंतर ठेवून, पार्कातल्या झाडाझाडांमध्ये त्याने तिला पावलं मोजायला, दिशा धरायला, डोळ्यांवर टोपी ओढून चालायला शिकवलं.

“एवढ्या घाईने कशाला शिकतेस?” त्याने एकदा विचारलं.

“एका माणसाला डोंगरात घेऊन जायचंय,” ती म्हणाली.

मे महिन्यात रस्ते मोकळे झाले. ती दर शनिवारी एकटी विकलोत जायची, धुकं असेल त्या दिवशी मुद्दाम. ग्रुपचे ट्रेक सुरू झाले तेव्हा पद्मजाताई पुढे चालायला लागल्या होत्या. दोनदा इंद्रनील वाट चुकला आणि दोनदा तिने गुपचूप त्याच्या कानात योग्य दिशा सांगितली, चारचौघांत त्याचा मान राखून. तो खूश झाला. तिला ‘आमच्या मॅप-ताई’ म्हणायला लागला. तिला हेच हवं होतं. त्याने तिच्यावर विसंबून राहायला हवं होतं.

इंद्रनीलचं दोन वर्षांचं स्वप्न होतं, अमेरिकेतल्या वाळवंटात, लाल कड्यांच्या एका कॅन्यनमध्ये शरद ऋतूत तंबू ठोकून राहायचं. तिकिटं दोनदा रद्द झाली होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्येही अमेरिकेची दारं उघडायची चिन्हं नव्हती. मग त्याने जुलैतच जाहीर केलं, “आपलं वाळवंट आपण इथेच करू. बरेन!”

बरेन म्हणजे पश्चिमेला, क्लेअर परगण्यातलं दगडांचं वाळवंट. मैलोन्‌मैल राखाडी चुनखडक, पायऱ्यापायऱ्यांचे बोडके डोंगर, आणि खडकात जागोजागी मांडीएवढ्या खोल उभ्या भेगा. पाऊस पडतो, पण पाणी वर टिकत नाही, सगळं दगडाच्या पोटात जातं. पद्मजाने ऑगस्टमध्येच दोनदा जाऊन तो भाग पायाखाली घातला होता. एका टेकडीच्या पोटात तिला अरुंद घळ सापडली होती. दोन्ही बाजूंना कडे, तळाला हेझलची दाट झुडपं, आणि बाहेर पडायची वाट एकच, तीही माहीत असल्याशिवाय न दिसणारी.

ऑक्टोबरच्या सुट्टीला नऊजण गेले. एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानात पाच तंबू लागले. हेझलची पानं पिवळी पडली होती, काटेरी झुडपांवर लाल फळं लगडली होती, आणि शेतकरी आपली गुरं हिवाळ्यासाठी खालून डोंगरावर हाकत नेत होते, कारण इथला दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो. शनिवारी सगळ्यांनी आखलेली वाट केली. पिठलं-भात झाला. इंद्रनीलने किल्ल्यांच्या गोष्टी सांगितल्या.

रविवारी दुपारी पद्मजा त्याला म्हणाली, “इंद्रनील, तुला कॅन्यनचे फोटो हवेत ना? एक घळ आहे. सगळ्यांना झेपणार नाही. दोघंच जाऊ.”

तो लगेच कॅमेरा घेऊन निघाला. नकाशा घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही. मॅप-ताई होत्या ना. तीन वाजता धुकं येणार हे तिने सकाळीच बघून ठेवलं होतं. पावणेतीनला दोघं घळीत उतरले. कडे बघून तो लहान मुलासारखा हरखला.

“ताई, हे अमेरिकेपेक्षा भारी आहे!”

धुकं वेळेवर आलं. आधी वरचे कडे गेले, मग झुडपं गेली. पद्मजाने घळीतला एक खडक दाखवला.

“तू इथेच बस,” ती म्हणाली. “हलू नकोस. मी वर जाऊन वाट शोधते आणि वीस मिनिटांत येते, येताना तुला घेते.”

तिने हे वाक्य नऊ महिने घोटलं होतं. ते ऐकून त्याला काहीतरी आठवेल, डोळ्यांत काहीतरी हलेल, असं तिला वाटलं होतं. त्याने मान डोलावली आणि लेन्स पुसत बसला.

ती वर चढली. त्याच्यापासून तीसेक मीटरवर, एका पायरीच्या आडोशाला, गुरांसाठी रचलेल्या जुन्या दगडी भिंतीशी बसली. थर्मासमधला चहा ओतला. घड्याळ बघितलं. तीन वाजून पाच. पावणेसातपर्यंत. तीन तास चाळीस मिनिटं, एक मिनिट कमी नाही.

पहिली हाक अर्ध्या तासाने आली. “पद्मजाताई?” सहज, सैलसर. मग जोरात. मग तो हसत म्हणाला, “ताई, मी इथेच बसतो हं!” ते स्टिकरचं वाक्य होतं. पद्मजाने चहाचा घोट घेतला. आज त्याचाही घसा बसेपर्यंत ती ऐकणार होती.

पाऊण तासाने तो चिडला. “काय फालतूपणा आहे हा!” असं स्वतःशीच ओरडला. तासाने आवाज बदलला. तो मोठा, भरदार आवाज कुठेतरी गेला आणि बारीक, घाबरलेला उरला. “हॅलो? कुणी आहे का? प्लीज?” पद्मजाला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच जराशी लाज वाटली. पण आनंद ओसरला नाही. भिंतीला पाठ टेकून ती एकेक हाक साठवत होती. सत्तर किल्ले, तिने मनात म्हटलं. बोलाव आता त्यांना मदतीला.

सव्वाचारला खाली दगड वाजले. तिथले सुटे चुनखडक पायाखाली पोकळ भांड्यासारखे वाजतात. तो उठला होता. ती साडेतीन वाजेपर्यंत बसली होती, हा सव्वा तासही टिकला नव्हता. चार पावलं, पाच, मग दगड घसरल्याचा आवाज, आणि किंकाळी.

पद्मजा उभी राहिली. काय झालं ते तिला कळलं. पाय भेगेत गेला होता. तो “आई गं” म्हणत होता, पुन्हा पुन्हा. तिचं उजवं मनगट तिने डाव्या हातात धरलं. आता जायला हवं होतं. तिने घड्याळाकडे बघितलं आणि ती परत खाली बसली.

दहा मिनिटं ती तशीच बसली. तो रडत होता. मग थर्मास सॅकमध्ये घातला आणि उतरली.

पाय मोडला नव्हता. नडगी सोलवटली होती, बूट भेगेत अडकला होता. तिने बूट सोडवला, रक्त पुसलं, पट्टी बांधली. इंद्रनीलने तिचे दोन्ही हात धरले.

“ताई, तुम्ही आलात. मला वाटलं, संपलं सगळं.”

“ऊठ,” ती म्हणाली. होकायंत्र काढून, पावलं मोजत, त्याचा हात खांद्यावर घेऊन तिने त्याला धुक्यातून तळावर आणलं. साडेपाच वाजले होते. ठरवलेला वेळ पुरा झाला नव्हता.

पुढे जे झालं त्याची मात्र तिने तयारी केली नव्हती. तंबूपाशी सगळे जमले आणि चहाचा पहिला घोट पोटात जाताच इंद्रनीलचा आवाज परत आला. धुकं आलं तेव्हा मीच ताईंना म्हटलं, तुम्ही पुढे जाऊन वाट शोधा, मी पोझिशन होल्ड करतो, असं तो सांगायला लागला. ताईंना उशीर झाला, त्यांना काही झालं असेल म्हणून मी शोधायला निघालो आणि पाय अडकला. “पण ताईंनी जीव वाचवला हं माझा. मानलं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रुपमधले सगळ्यांत वडीलधारे दीनानाथकाका उठून तिच्या पाया पडायला निघाले. पद्मजा तंबूत गेली. नऊ महिने जपलेला सूड त्याने दहा मिनिटांत स्वतःच्या शौर्याची गोष्ट करून टाकला होता, आणि वर तिचे आभार मानले होते.

सकाळी सगळे चहाला गोल बसले होते. पद्मजा कप न घेता उभी राहिली.

“काल मी वाट चुकले नव्हते,” ती म्हणाली. “मी इंद्रनीलला मुद्दाम तिथे बसवलं. तीस मीटर वर बसून त्याच्या हाका ऐकत चहा प्यायले. मागच्या वर्षी मी तीन तास चाळीस मिनिटं खडकावर बसले होते. हा मला शोधायला आलाच नव्हता. पबमध्ये अडीच वाजता याला माझी आठवण झाली, तेव्हा मी गाडीत झोपलेय असं याने सांगितलं, आणि जेवला.”

इंद्रनीलने हातातला कप खाली ठेवला.

“काहीही काय, ताई!” इंद्रनील हसला. “कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

“मी,” सुरुची म्हणाली. “मीच विचारलं होतं तुला. डेझर्टच्या आधी.”

इंद्रनीलचा चेहरा पांढरा पडला. सुरुचीने वर्णन केलं होतं अगदी तसा. तो पद्मजाने डोळे भरून बघितला. हेच तिला हवं होतं, आणि घळीत ते मिळालं नव्हतं.

“मी मेलो असतो तिथे,” तो शेवटी म्हणाला.

“हो,” पद्मजा म्हणाली. “मीही.”

दीनानाथकाकांनी दोघांनाही फटकारलं. तिला जरा जास्तच. त्याच्याकडून चूक झाली होती, तुम्ही ठरवून केलंत, असं ते म्हणाले. पद्मजाने ते ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. तिच्या गाडीत परत यायला कुणी तयार झालं नाही. सुरुचीही नाही. डब्लिनपर्यंतचे तीन तास तिने एकटीने गाडी चालवली. घरी पोचेपर्यंत ग्रुपमधून तिचं नाव काढलेलं होतं. आठवड्याने इंद्रनीलनेही ग्रुपची जबाबदारी सोडल्याचं कळलं. नव्या ट्रेकला कुणी नाव नोंदवेना म्हणून.

सानिकाला तिने सगळं सांगितलं. सानिकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ही डिझर्व्ड इट. बट यू स्केअर मी अ बिट, आई.”

एक गोष्ट पद्मजाने त्या सकाळी सांगितली नव्हती. किंकाळी ऐकल्यावरची दहा मिनिटं. हिशेबाने तो सव्वा तास त्याच्या वाट्याचा होता, त्याबद्दल तिला एकदाही वाईट वाटलं नाही. पण ती दहा मिनिटं कारखान्यात डिश मोजताना, बसमध्ये, भाजी चिरताना तिच्यासमोर येऊन उभी राहायची. नोव्हेंबरच्या शेवटी तिने त्याला फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं.

“तुझा पाय अडकला, ते मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तू रडत होतास. मी दहा मिनिटं बसून राहिले. तेवढ्याबद्दल माफी मागते. बाकीच्याबद्दल नाही.”

मग तो हळूच म्हणाला, “ताई, मी त्या दिवशी पबमध्ये... मला लाज वाटली हो. सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो?”

“आता सांग. ग्रुपवर लिही.”

“आता कशाला ते परत उकरायचं?”

“बरं,” पद्मजा म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळचे सहा वाजले होते. सानिकाला कोबीची भाजी आवडत नाही हे माहीत असूनही तिने कोबी काढला आणि बारीक चिरायला घेतला. त्या माणसाचा तिला अजूनही राग येत होता. ती दहा मिनिटं मात्र आज भाजी चिरताना समोर येऊन उभी राहिली नाहीत.